गोळीच्या आधीचा उपचार

एप्रिल २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सक्तवसुली संचालनालयाला चांगलेच सुनावले. एका याचिकाकर्त्याचा जबाब अधिकाऱ्यांनी रात्री उशिरापासून पहाटेपर्यंत नोंदवला होता. झोप ही माणसाची मूलभूत गरज आहे, ती कुणाला नाकारता येणार नाही, जबाब दिवसाउजेडी घ्या, असे खंडपीठाने बजावले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये संचालनालयाने तसे परिपत्रकही काढले. त्याआधी २०१२ मध्ये रामलीला मैदान प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने झोपेचे नाते घटनेच्या २१व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काशी जोडले होते. कायद्याच्या दरबारात झोपेला असा मान मिळाला. दवाखान्यात मात्र तिची कथा वेगळी आहे. तिथे ‘डॉक्टर, झोप येत नाही’ ही तक्रार बहुतेक वेळा शेवटी निघते, बीपी मोजून झाल्यावर, उठता उठता. आणि तिचे उत्तर चिठ्ठीच्या तळाशी एका ओळीत लिहिले जाते: रात्री झोपताना एक गोळी.

ही गोळी वाईट असते असे नाही. तिच्या आधी द्यायचा जो उपचार आहे, तो आपल्याकडे जवळपास कुणालाच दिला जात नाही, हा मुद्दा आहे. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१६ मध्ये स्पष्ट सांगितले की, जुनाट निद्रानाश असलेल्या प्रत्येक प्रौढाला सुरुवातीला औषध नव्हे, तर निद्रानाशासाठीची कॉग्निटिव्ह बिहेविअरल थेरपी द्यावी. संक्षेपात तिला सीबीटी-आय म्हणतात. पुढच्याच वर्षी युरोपातल्या तज्ज्ञांनी तेच सांगितले आणि २०२३ मध्ये पुन्हा एकदा त्यावर शिक्कामोर्तब केले. झोपेच्या तक्रारीला पहिला उपचार कोणता, यावर आता वैद्यकशास्त्रात फारसे दुमत उरलेले नाही. तरीही तुमच्याआमच्या घरातल्या औषधांच्या डब्यात सापडते ती गोळीच.

आधी निद्रानाश कशाला म्हणायचे ते पाहू, कारण इथेच मोठा घोळ होतो. पहाटेची लोकल पकडण्यासाठी चारला उठणारा आणि रात्री अकराला घरी पोहोचणारा माणूस झोपेला मुकतो, पण तो निद्रानाशाचा रुग्ण नव्हे. आडवा झाला की तो मेल्यासारखा झोपतो. ज्याच्या खिडकीखाली रात्री बारापर्यंत डीजे वाजतो त्याच्या झोपेचे खोबरे होते खरे, पण त्याला गोळीची नाही, पोलिसांची गरज आहे. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालापासून आहेत. रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत निवासी भागात ४५ डेसिबलची मर्यादा आहे. ती किती ठिकाणी पाळली जाते ते वाचकांनीच आपापल्या गल्लीपुरते ठरवावे. दुकाने आणि आस्थापना चोवीस तास उघडी ठेवता येतात, हे राज्य सरकारने ऑक्टोबर २०२५ मध्ये पुन्हा स्पष्ट केले. त्यासोबत रात्रपाळी करणाऱ्यांची संख्या वाढेल आणि त्यांचे शरीराचे घड्याळ बिघडेल. हे सगळे झोपेची संधीच न मिळण्याचे प्रकार आहेत. त्यांची उत्तरे कामाच्या वेळापत्रकात, घरांच्या आकारात आणि पोलीस ठाण्यात शोधावी लागतात. त्यांवर गोळी देणे म्हणजे गळक्या नळाखाली बादली ठेवण्यासारखे आहे.

निद्रानाश म्हणजे संधी असूनही झोप न येणे. खोली शांत आहे, अंथरूण तयार आहे, वेळही आहे, पण डोळ्याला डोळा लागत नाही. किंवा लागतो आणि दोन वाजता टक्क जाग येते, मग पहाटेपर्यंत कूस बदलणे. असे आठवड्यातून किमान तीन रात्री, किमान तीन महिने होत असेल आणि त्याचा त्रास दिवसाही जाणवत असेल, चिडचिड, थकवा, कामात चुका, तर त्याला जुनाट निद्रानाश म्हणतात. या व्याख्येत किती तास झोप झाली याचा आकडा नाही, ही गोष्ट महत्त्वाची. सहा तास झोपून दिवसभर टवटवीत असणाऱ्याला आजार नाही. ‘आठ तास झालेच पाहिजेत’ या धास्तीने आजारी पडलेली माणसे मात्र भरपूर आहेत. जगभरातल्या पाहण्यांचा ढोबळ अंदाज असा की, प्रौढांपैकी साधारण दहा टक्के लोक या व्याख्येत बसतात.

झोप येते कशी? झुरिचचे संशोधक अलेक्झांडर बोर्बेली यांनी १९८२ मध्ये मांडलेले चित्र आजही वापरात आहे. त्यांच्या मते झोपेचा कारभार दोन यंत्रणा पाहतात. पहिली भुकेसारखी आहे. आपण जितका वेळ जागे, तितका झोपेचा दाब वाढत जातो. मेंदूत अ‍ॅडेनोसिन नावाचे द्रव्य साचत जाते, हा त्या दाबाचा एक भाग. चहा-कॉफीतले कॅफीन या अ‍ॅडेनोसिनची जागा अडवून बसते, म्हणून तरतरी येते. घेतलेल्या कॅफीनपैकी निम्मे शरीरातून जायला पाच-सहा तास लागतात, त्यामुळे संध्याकाळी सहाचा कडक चहा रात्री अकरालाही पुरता ओसरलेला नसतो. दुसरी यंत्रणा म्हणजे मेंदूतले घड्याळ. ते उजेडावर चालते आणि साधारण ठरलेल्या वेळी शरीराचे तापमान उतरवून झोपेचे दार उघडते. दाब पुरेसा साठलेला आणि दार उघडलेले, हे दोन्ही जुळले की झोप येते. यात आपल्या प्रयत्नाला जागाच नाही. भूक जशी ठरवून लावता येत नाही तशी झोप ओढून आणता येत नाही. उलट प्रयत्न करणे हेच जागे राहण्याचे काम होऊन बसते.

आता या यंत्रणेत बिघाड कसा होतो ते पाहा. न्यूयॉर्कचे मानसशास्त्रज्ञ आर्थर स्पीलमन यांनी १९८७ मध्ये त्याची तीन भागांत मांडणी केली. काही जण मुळातच हलक्या झोपेचे, काळजीखोर स्वभावाचे असतात. ही झाली जमीन. तिच्यावर एखादा प्रसंग येऊन पडतो. घरात मृत्यू, नोकरीची टांगती तलवार, मुलाची दहावी, बाळंतपण, शस्त्रक्रिया. झोप उडते, आणि ती उडणे स्वाभाविकच आहे. बहुतेकांची झोप काही आठवड्यांत परत येते. काहींची मात्र येत नाही, आणि त्याचे कारण तो प्रसंग नसतो. झोप भरून काढण्यासाठी माणूस जे उपाय करतो, तेच पुढे आजार टिकवून धरतात.

कोणते उपाय? रात्री नीट झोप झाली नाही म्हणून सकाळी उशिरापर्यंत लोळणे. दुपारी दोन तास ताणून देणे. (पुण्यात हा उपाय नसून संस्कृती आहे, हे मान्य. पण ज्यांना रात्री झोप लागते त्यांच्यासाठी.) ‘आज लवकर आडवे होऊ’ म्हणून साडेनऊलाच अंथरुणात शिरणे. या तिन्हींमुळे झोपेचा दाब साठायच्या आतच सांडून जातो, म्हणजे जेवणाआधी फरसाण खाऊन ‘भूक लागत नाही’ म्हणण्यातला प्रकार. दुसरे असे की, तासन् तास जागे पडून राहिल्याने मेंदू एक चुकीचा धडा शिकतो. अंथरूण म्हणजे काळजी करण्याची, हिशेब मांडण्याची, घड्याळ बघण्याची जागा. म्हणूनच सोफ्यावर टीव्हीसमोर पेंगणारा माणूस गादीवर पाठ टेकताच खडबडीत जागा होतो. दिवसभर ज्याची वाट पाहिली ती झोप अंथरुणाला पाहूनच पळते. मूळ प्रसंग विरून गेलेला असतो. मुलगा दहावी होऊन इंजिनीअर झालेला असतो. आईचा निद्रानाश तसाच.

इथे गोळी येते. झोपेच्या औषधांचा इतिहास एका चक्रासारखा आहे. १९०३ मध्ये बार्बिटलने सुरुवात झाली. बार्बिट्युरेट गटातल्या औषधांनी पन्नास वर्षे राज्य केले आणि चटक व जादा मात्रेने होणारे मृत्यू यांमुळे ती बदनाम झाली. मग १९६० मध्ये क्लोरडायझेपॉक्साइड आणि १९६३ मध्ये डायझेपाम आले. ‘ही मात्र सुरक्षित’ असे तेव्हा सांगितले गेले. बेन्झोडायझेपाइन या त्याच कुळातले अल्प्राझोलाम आज आपल्याकडे घराघरांत आहे. या कुळाचीही सवय लागते हे लक्षात आल्यावर झोल्पिडेमसारखी औषधे आली, पुन्हा सुरक्षित म्हणून. २०१३ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने स्त्रियांसाठी झोल्पिडेमची शिफारस केलेली मात्रा निम्मी केली, कारण सकाळी गाडी चालवतानाही औषध रक्तात शिल्लक राहत होते. २०१९ मध्ये झोपेतच चालणे, गाडी चालवणे अशा प्रकारांमुळे या गटावर सर्वांत कडक इशारा छापण्याची सक्ती झाली. २०२० मध्ये तसाच इशारा बेन्झोडायझेपाइनवर, सवय आणि औषध थांबवल्यावर होणाऱ्या त्रासाबद्दल.

या गोळ्या काम करतात हे खरे. प्रश्न किती करतात हा आहे. झोल्पिडेमच्या गटातल्या औषधांचे अमेरिकन प्रशासनाकडे जमा झालेले प्रयोग संशोधकांनी २०१२ मध्ये एकत्र तपासले. प्रयोगशाळेत मोजल्यावर नकली गोळीच्या तुलनेत झोप लागायचा वेळ सरासरी २२ मिनिटांनी कमी झाला. सीबीटी-आयवरच्या प्रयोगांचे असेच एकत्रित विश्लेषण २०१५ मध्ये झाले. त्यात झोप लागायचा वेळ १९ मिनिटांनी आणि मध्येच जागे राहण्याचा वेळ २६ मिनिटांनी घटला होता. मोजण्याच्या पद्धती वेगळ्या असल्याने हे आकडे एकमेकांवर ठेवून कोण जिंकले ते ठरवता येत नाही. पण ज्या गोळीवर आपला इतका भरवसा, तिचे बळ असे काही अचाट नाही, एवढे त्यातून नक्की कळते. शिवाय गोळीचा परिणाम ती थांबवली की संपतो. सीबीटी-आयमध्ये शिकलेली गोष्ट माणसाजवळ राहते.

साठीच्या पुढे हिशेब आणखी बिघडतो. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका विश्लेषणानुसार, साठ वर्षांवरच्या १३ जणांना झोपेची गोळी दिली तर एकाची झोप सुधारते, आणि दर सहा जणांमागे एकाला दुष्परिणाम होतो. दुष्परिणाम म्हणजे काय? रात्री लघवीला उठताना तोल जाणे, पडणे, खुब्याचे हाड मोडणे, दिवसा गोंधळल्यासारखे वाटणे. ‘आईला हल्ली विसरायला होतं’ म्हणून मेंदूचे स्कॅन करून घेणाऱ्या मुलांनी आधी आईच्या उशाखालची स्ट्रिप पाहावी, असे मी आग्रहाने सांगेन.

कायद्याने या गोळ्या मोकळ्या सोडलेल्या नाहीत. १ मार्च २०१४ पासून अल्प्राझोलाम, डायझेपाम, झोल्पिडेम ही औषधे एच-वन परिशिष्टात आहेत. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत. दुकानदाराने डॉक्टरचे व रुग्णाचे नाव, औषध आणि संख्या वेगळ्या नोंदवहीत लिहून ती तीन वर्षे जपायची असते. व्यवहारात चिठ्ठी एकदाच लिहिली जाते आणि गोळ्या वर्षानुवर्षे घेतल्या जातात. मेडिकलवाला ओळखीचा असतो, चिठ्ठीची घडी फाटेपर्यंत चालते. यात डॉक्टरांनाच दोषी ठरवून मोकळे होणे मला पटत नाही. बाहेर पन्नास माणसे ताटकळत असताना फॅमिली डॉक्टरने काय करावे? सीबीटी-आयसाठी पाठवायचे म्हटले तर पाठवणार कुठे? देशात दर लाख लोकसंख्येमागे एक मानसोपचारतज्ज्ञही धड मिळत नाही. गोळी लिहायला दहा सेकंद लागतात, आणि रुग्णही समाधानाने घरी जातो.

म्हणून हा उपचार नेमका काय आहे ते नीट समजून घेऊ. तो गूढ नाही आणि सोफ्यावर पडून बालपण उकरण्याचाही नाही. त्याचा गाभा एका हिशेबात आहे. उदाहरणासाठी एक पंचावन्न वर्षांची गृहिणी घेऊ. ती रात्री दहाला आडवी होते, साडेसहाला उठते. म्हणजे अंथरुणात साडेआठ तास. दोन आठवडे रोज सकाळी लिहून ठेवल्यावर लक्षात येते की, प्रत्यक्ष झोप सरासरी साडेपाच तासच होते. साडेआठपैकी साडेपाच, म्हणजे ६५ टक्के. चांगल्या झोपेत हे प्रमाण ८५ टक्क्यांच्या वर असते. आपल्या मनात येते, हिला आणखी झोपायला वेळ द्या. उपचार नेमका उलटा आहे: तिची अंथरुणातली वेळच कमी करा. जेवढी झोप होते तेवढीच, साडेपाच तास. उठायची वेळ पक्की ठरवायची. समजा तिच्याकडे सकाळी सहाला नळाला पाणी येते, तर उठणे सहाला, रविवारी, सणालासुद्धा. मग झोपायला जायचे रात्री साडेबाराला, त्याआधी नाही. दुपारी झोपायचे नाही.

पहिले दोन आठवडे जड जातात. दिवसा पेंग येते, चिडचिड होते, रुग्ण डॉक्टरला मनातल्या मनात शिव्या घालतो. पण झोपेचा दाब इतका साठतो की, हळूहळू पाठ टेकताच झोप लागू लागते आणि ती तुटत नाही. साडेपाचपैकी पाच तास झोप झाली की प्रमाण ९० टक्क्यांच्या वर गेले. मग झोपायची वेळ पंधरा मिनिटे अलीकडे आणायची, सव्वाबारा. आठवडाभर जमले तर आणखी पंधरा मिनिटे. महिना-दीड महिन्यात ती साडेसहा तासांवर येते, आणि ते साडेसहा तास सलग, गाढ असतात. पाच तासांच्या खाली ही वेळ कधीच नेत नाहीत. वाहनचालक, यंत्रावर काम करणारे यांनी हा प्रयोग आपल्या मनाने करू नये. फिट येणाऱ्यांना आणि बायपोलर विकार असलेल्यांना तो धोक्याचा ठरू शकतो, कारण कमी झोपेने फिट किंवा उन्मादाचा झटका येऊ शकतो.

दुसरा भाग अंथरुणाचा. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रिचर्ड बूट्झिन यांनी १९७२ मध्ये सुचवलेले नियम साधे आहेत. झोप आली तरच आडवे व्हायचे. पंधरा-वीस मिनिटांत लागली नाही तर उठून दुसऱ्या खोलीत जायचे, मंद उजेडात काही कंटाळवाणे करायचे, पेंग आली की परत यायचे. अंथरुणात वाचन, मोबाइल, हिशेब, भांडण, काही नाही. हे नियम परदेशातल्या स्वतंत्र बेडरूमच्या घरात बसून लिहिलेले आहेत हे उघडच आहे. दहा बाय दहाच्या खोलीत पाच माणसे झोपतात तिथे ‘दुसऱ्या खोलीत जा’ कुणाला सांगणार? पण आपल्याकडे एक जुनी रीत होती जी या नियमाच्या फार जवळची आहे. सकाळी उठल्यावर अंथरूण-पांघरूण घडी घालून कोपऱ्यात ठेवायचे आणि रात्री झोपायच्या वेळीच पसरायचे. पलंग आले आणि दिवसभर पसरलेली गादी बैठक झाली, जेवणाची जागा झाली, वर्क फ्रॉम होमच्या काळात कचेरीही झाली. लहान घरात तीच रीत परत आणता येते. झोप लागत नसेल तर उठून स्वयंपाकघराच्या ओट्याजवळ पाटावर बसायचे, बस्स. फक्त अंथरुणावर जागे पडून राहायचे नाही.

तिसरा भाग विचारांचा. ‘आज झोप नाही झाली तर उद्या काम होणारच नाही’, ‘झोप नाही म्हणजे हार्ट अटॅक येणार’ अशा वाक्यांची तपासणी. मागच्या महिन्यात किती रात्री वाईट गेल्या आणि त्यातल्या किती दिवशी खरोखर काम बुडाले, हे कागदावर मांडले की भीतीचे वजन आपोआप घटते.

इथे एक गैरसमज खोडायला हवा. दूध प्या, खोली अंधारी ठेवा, मोबाइल लांब ठेवा, रात्री जड जेवू नका, ही यादी आपल्या वर्तमानपत्रांतून (या पानावरूनही) सतत छापून येते. ती चांगली आहे, पण जुनाट निद्रानाशावर एवढीच यादी हा उपचार नव्हे. दात किडल्यावर ब्रश करायला सांगण्यासारखे ते आहे. ज्याने हे सगळे करून पाहिले आणि तरी झोप आली नाही, तो निराश होऊन थेट गोळीकडे वळतो, आणि सीबीटी-आय म्हणजे हीच यादी असेल असे समजून तिच्या वाटेलाच जात नाही.

मेलाटोनिनच्या रंगीत, गोड चघळायच्या गोळ्यांचेही असेच. मेलाटोनिन शरीराचे घड्याळ हलवते. विमानप्रवासाने वेळ बदलली तर त्याचा उपयोग होतो. जुनाट निद्रानाशासाठी ते वापरू नये, अशी शिफारस अमेरिकन अकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिनने २०१७ मध्येच केली आहे. २०२३ मध्ये अमेरिकेत अशा २५ उत्पादनांची तपासणी झाली तेव्हा २२ मध्ये लेबलवरचा आणि आतला आकडा जुळला नाही. मनगटावरच्या घड्याळाबद्दल म्हणाल तर त्याने नवीनच आजार दिला आहे. घड्याळात ‘गाढ झोप कमी’ दिसली म्हणून चिंतेने झोप उडालेल्या रुग्णांना संशोधकांनी २०१७ मध्ये ‘ऑर्थोसोम्निया’ असे नावही दिले.

नव्या औषधांबद्दल थोडे. १९९८ मध्ये दोन संशोधक गटांना मेंदूत जागे ठेवणारे ओरेक्सिन हे द्रव्य सापडले. जुन्या गोळ्या सगळ्या मेंदूला गुंगी आणतात. ओरेक्सिन अडवणारी औषधे जागेपणाचा दिवा तेवढा मंद करतात. २०१४ मध्ये सुवोरेक्सान्ट, मग लेम्बोरेक्सान्ट, डॅरिडोरेक्सान्ट यांना अमेरिकेत मान्यता मिळाली. कल्पना सुंदर आहे आणि सवय लागण्याचा धोका कमी दिसतो. पण ‘ही मात्र सुरक्षित’ हे वाक्य या क्षेत्रात आधी तीनदा ऐकलेले असल्याने मी जरा थांबून पाहीन. आणि हे औषध कितीही चांगले निघाले, तरी अंथरुणाशी जुळलेली भीती ते पुसणार नाही.

आता मुख्य अडचण: हे सगळे सांगणार कोण? याचे सर्वांत आशादायक उत्तर २०२३ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आले. इंग्लंडमधल्या ३५ सर्वसाधारण दवाखान्यांत ६४२ रुग्णांवर प्रयोग झाला. अर्ध्यांना नर्सने चार छोट्या बैठकांत, वर सांगितलेला तो अंथरुणातल्या वेळेचा हिशेब शिकवला. या नर्स मानसोपचारतज्ज्ञ नव्हत्या. त्यांना थोडे प्रशिक्षण दिले होते. निद्रानाशाची तीव्रता शून्य ते २८ गुणांत मोजतात. सहा महिन्यांनी नर्सकडे गेलेल्यांचा आकडा सरासरी १०.९ होता, केवळ सूचनांचा कागद मिळालेल्यांचा १३.९. ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २०२२ मध्ये ‘स्लीपिओ’ या सीबीटी-आय शिकवणाऱ्या अ‍ॅपची झोपेच्या गोळ्यांना पर्याय म्हणून शिफारस केली होती. जर्मनीत तर असे अ‍ॅप डॉक्टर चिठ्ठीवर लिहून देतात आणि विमा त्याचे पैसे भरतो.

आपल्याकडे गावोगावच्या आरोग्यवर्धिनी केंद्रांत समुदाय आरोग्य अधिकारी बसतात. त्यातले बहुतेक नर्सिंग किंवा आयुर्वेदाची पदवी घेतलेले. रक्तदाब आणि साखरेच्या रुग्णांचा दर महिन्याचा पाठपुरावा ते करतातच. चार बैठका, एक डायरी, एक भागाकार, इतकेच काम त्यांना शिकवायचे आहे. मराठीत, आपल्या घरांना आणि पाण्याच्या वेळांना धरून लिहिलेली एक वीस पानी पुस्तिका लागेल. एखाद्या जिल्ह्यात वर्षभर करून पाहायला फार मोठा निधी लागणार नाही. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम आहे, ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ ही टेलिमानस सेवाही आहे. यंत्रणा उभी आहे. तिच्याकडून झोपेचे काम कुणी मागितलेले नाही.

तोवर ज्यांना त्रास आहे त्यांनी काय करावे? पहिली गोष्ट, रोजची गोळी एकदम बंद करू नका. बेन्झोडायझेपाइन अचानक थांबवले तर झोप आणखी उडते, हातपाय कापतात, क्वचित फिटही येते. डॉक्टरांच्या देखरेखीखाली, काही आठवडे ते काही महिने घेऊन, थोडी थोडी कमी करायची असते. दुसरी, हा निद्रानाशच आहे का याची खात्री करून घ्या. जोरात घोरणे, झोपेत श्वास थांबणे, दिवसा बसल्या जागी डुलकी लागणे, ही स्लीप अ‍ॅप्नियाची लक्षणे आहेत आणि त्यात झोपेची गोळी घातक ठरू शकते. आडवे झाले की पायांत कळा, हुळहुळ, हलवल्याशिवाय राहवत नाही, असे होत असेल तर रक्तातले लोह तपासा. देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आहे, असे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत आढळले. त्यातल्या काहींची झोप गोळीने नव्हे, लोहाने परत येईल. रजोनिवृत्तीच्या काळात घामाने येणारी जाग, थायरॉइड, संध्याकाळी घेतलेली लघवीची गोळी, दम्याची किंवा स्टेरॉइडची औषधे हेही विचारात घ्यायला हवे. पहाटे तीन-चारला जाग येऊन मन खोल बुडत असेल, जगणे नकोसे वाटत असेल, तर तो नैराश्याचा इशारा आहे. तेव्हा डायरी नंतर, आधी मानसोपचारतज्ज्ञ किंवा १४४१६.

बाकीच्यांनी डॉक्टरांकडे जाण्याआधी दोन आठवडे एक वही ठेवावी. किती वाजता आडवे झालो, अंदाजे किती वेळात झोप लागली, मध्ये किती वेळ जागे होतो, शेवटची जाग कधी आली, अंथरूण कधी सोडले, दुपारी झोपलो का, चहा कितीला प्यायलो आणि गोळी घेतली का. ही वही सकाळी चहासोबत भरायची, आदल्या रात्रीच्या आठवणीवरून, ढोबळ अंदाजाने. रात्री उठून घड्याळात बघून आकडे टिपायचे नाहीत. भिंतीवरचे घड्याळ अंथरुणातून दिसत असेल तर ते आधी दुसऱ्या भिंतीवर टांगा.